नापास मुलाची कैफियत

गेल्या मृगापासून आमच्या घरात एका इंग्रजी कादंबरीने जे भांडण लावून दिले आहे, ते अद्यापि मिटलेले नाही. कादंबरी आजची नव्हे. १९५१ सालच्या जुलै महिन्यात ती अमेरिकेत प्रसिद्ध झाली, म्हणजे आमच्या जन्माच्याही आधी काही वर्षे. कर्त्याचे नाव जे. डी. सॅलिंजर आणि पुस्तकाचे नाव 'द कॅचर इन द राय'. आमचा नातू यंदा अकरावीस आहे. त्याच्या एका शिक्षकांनी ती सुटीत वाचावयास सांगितली होती. त्याने ती वाचून दिवाणखान्यातल्या मेजावर टाकली, आणि तेथून ती एकेकाच्या हाती जात साऱ्या घरात फिरली. एकत्र कुटुंबात पुस्तक हे ताकासारखे असते. ज्याच्यासाठी केले त्याच्याच वाट्यास ते येईल असा नेम नाही.

आमचे शिक्षण जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपर्यंत आणि पुढे काही वर्षे शास्त्रीबुवांच्या पायाशी. त्यामुळे इंग्रजी वाचावयाचे ते कोश मांडीशी घेऊनच. त्यातून या पुस्तकाची भाषा म्हणजे १९५० च्या सुमारची न्यूयॉर्कच्या पोरांची बोली. तीतले निम्मे शब्द कोशात सापडत नाहीत, आणि जे सापडतात ते घरात मोठ्याने वाचता येत नाहीत. तरी चिकाटी धरून तीन आठवड्यांत आम्ही ते पुरे केले, आणि मग पुन्हा पहिल्यापासून वाचले. दुसऱ्या खेपेस कोश फारसा लागला नाही, आणि तेव्हाच त्या पोराचा आवाज कानी पडू लागला.

ज्या वाचकांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. होल्डन कॉलफील्ड हा न्यूयॉर्कच्या एका सधन वकिलाचा मुलगा, वय वर्षे सोळा. पेनसिल्व्हेनिया प्रांतातल्या पेन्सी नावाच्या एका कल्पित निवासी शाळेतून त्यास काढून टाकले आहे, कारण पाच विषयांपैकी चारांत तो नापास. इंग्रजीत तेवढा उत्तीर्ण. यापूर्वीच्या शाळाही अशाच सुटलेल्या. नाताळच्या सुटीस अवघे काही दिवस उरले असता शनिवारी रात्री तो वसतिगृहातून निघतो, आणि शाळेचे पत्र घरी पोहोचेपर्यंत घरचे तोंड पाहावयाचे नाही म्हणून सोमवारपर्यंत न्यूयॉर्क शहरात भटकत राहतो. हॉटेले, टॅक्स्या, मद्यगृहे, ओळखीपाळखीची माणसे. जो भेटेल त्याच्याशी बोलावयास जातो आणि प्रत्येक वेळी पहिल्याहून अधिक एकटा होऊन निघतो. ज्याला त्याला तो 'फोनी' म्हणतो. आपण बेगडी म्हणू. सेंट्रल पार्कमधले तळे गोठले म्हणजे त्यातली बदके कोठे जातात, असे तो टॅक्सीवाल्यांस विचारतो, आणि धड उत्तर त्यास कोणी देत नाही. अखेर मध्यरात्री चोरपावलांनी आपल्याच घरात शिरून तो दहा वर्षांच्या धाकट्या बहिणीस, फीबीस, जागे करतो. त्याने पळून जाण्याचा बेत केला तेव्हा ही चिमुरडी स्वतःची पेटी भरून त्याच्याबरोबर निघते, आणि तो बेत तेथेच मोडतो. पावसात ती लाकडी घोड्यांच्या फिरत्या चक्रावर बसते, तो भिजत तिच्याकडे पाहत राहतो, आणि कथा संपते.

नावाचा उलगडा असा की, तुला व्हावयाचे तरी काय, असे बहिणीने विचारले असता तो सांगतो, कड्याच्या काठाशी एक शेत आहे, त्यात हजारो मुले खेळत आहेत, आणि धावता धावता जे मूल कड्यावरून जाऊ पाहील त्यास झेलणारा मी उभा आहे. हे शेत आले रॉबर्ट बर्न्स या स्कॉटिश कवीच्या गाण्यातून, आणि तेही एक शब्द चुकीचा ऐकल्यामुळे. बहीण तो तेथल्या तेथे दुरुस्त करते. 'राय' म्हणजे थंड मुलखातले गव्हाच्या जातीचे एक धान्य. आमच्या वहिनींस ती प्रथम राई, म्हणजे मोहरी, वाटली, आणि मोहरीच्या शेतात मुले दिसेनाशी व्हावीत एवढी ती तिकडे उंच होते काय, असा रास्त प्रश्न त्यांनी विचारला.

आता भांडणाकडे वळतो. आमचा पुतण्या चौपन्न वर्षांचा. यंत्रशास्त्र शिकलेला, एका कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर. हेच पुस्तक त्याने एकोणिसाव्या वर्षी वसतिगृहात वाचले होते आणि महिनाभर उशाशी ठेवले होते, असे तोच सांगतो. या खेपेस त्याने ते अर्ध्यावर मिटले. "काका, या कार्ट्यास दुःख तरी कसले आहे?" तो म्हणाला. "बाप श्रीमंत, आजी विसरभोळी, वर्षातून चारदा वाढदिवसाचे पैसे पाठवते. वेळीच एक थोबाडीत बसती तर पुस्तक दहाव्या पानावर आटोपले असते." त्याची कन्या, म्हणजे आमची नात, वाङ्मयाची विद्यार्थिनी, ती बापावर अशी उसळली की, त्या दिवशी जेवणास अर्धा तास उशीर झाला. तिच्या मते साऱ्या पुस्तकात खरे बोलणारा हा एकच, आणि खरे बोलणाऱ्यास थोबाडीत देण्याची भाषा सुचावी यातच सारे आले. आणि गंमत पाहा, ज्याच्या वयाचा हा नायक त्या आमच्या नातवास तो मुळीच रुचला नाही. "आजोबा, त्याला मित्र नाहीत यात नवल काय? तो स्वतःच बोलतो, दुसऱ्याचे ऐकून घेतच नाही." सूनबाईने स्वयंपाकघर आवरल्यावर रोज रात्री थोडथोडे करून ते वाचले. मुलगा गेल्यापासून त्या घरची आई अर्धीअर्धी रात्र सिगारेटी ओढीत जागी असते, हे दोन ओळींतले वाक्य तिने तेवढे ध्यानात ठेवले होते. त्या बाईची बाजू कोणीच मांडलेली नाही, एवढेच ती म्हणाली. आमच्या सौ. ने पुस्तक उघडलेच नाही. शिव्या असलेले पुस्तक देवघरालगतच्या कपाटात ठेवू नये अशी एकच टीका तिने केली, आणि ती सर्वानुमते मान्य झाली.

आमच्या माजघरात जे झाले तेच पाऊणशे वर्षे जगभर चाललेले आहे. पुस्तक निघाले त्याच उन्हाळ्यात अमेरिकेतल्या एका मोठ्या ग्रंथमंडळाने ते सभासदांसाठी निवडले आणि त्याचा खप जोरात सुरू झाला. तर 'ख्रिश्चन सायन्स मॉनिटर'च्या परीक्षकास धास्ती पडली की, असले पुस्तक वाचून असलीच पोरे वाढतील. १९५९ साली जॉर्ज स्टायनर या विद्वान टीकाकाराने 'नेशन' पत्रात लेख लिहून, सॅलिंजरवर लेखांचा जो कारखाना निघाला होता त्याचीच हजेरी घेतली. १९६० साली ओक्लाहोमा संस्थानातल्या टल्सा गावी एका शिक्षिकेने हे पुस्तक वर्गास नेमले म्हणून तिची नोकरी गेली; पुढे तिला परत घेण्यात आले. शाळेशाळेतून ते काढून टाकण्याच्या मागण्या अनेक वर्षे होत राहिल्या, आणि तेच पुस्तक शाळाशाळांतून शिकविलेही जात राहिले. १९८० च्या डिसेंबरात जॉन लेनन या प्रसिद्ध गायकाचा खून झाला तेव्हा खुन्याजवळ ही कादंबरी सापडली. मग तीवर खापर फोडणारेही निघाले. विहिरीत कोणी उडी टाकली म्हणून गावाने पाणी भरावयाचे सोडावे, तशातला तो न्याय. २००४ साली 'वॉशिंग्टन पोस्ट'च्या जोनाथन यार्डली या जुन्या परीक्षकाने तरुणपणी वाचलेले हे पुस्तक उतारवयात पुन्हा उघडले आणि आमच्या पुतण्याहूनही कडक शब्दांत त्याची वाट लावली. २००९ साली 'न्यूयॉर्क टाइम्स'ने लिहिले की, आताच्या पोरांस होल्डन रडवा वाटू लागला आहे. म्हणजे नातवाचे मतही एकट्याचे नाही.

यातल्या एका गोष्टीचे आम्हास हसू येते. पुस्तकावर जे आक्षेप आले त्यांत एका अश्लील शब्दाचा आक्षेप फार मोठा. आता तो शब्द पुस्तकात येतो कोठे? बहिणीच्या शाळेत होल्डन निरोप देण्यास जातो, तेव्हा भिंतीवर कोणी तो लिहिलेला दिसतो. लहान मुले हे वाचतील या विचाराने त्याचे डोके फिरते, आणि तो हाताने घासून तो पुसून टाकतो. पुढे दुसऱ्या जिन्यात तोच शब्द चाकूने कोरलेला आढळतो. तो पुसला जात नाही. अशा रीतीने जो शब्द भिंतीवरून पुसण्याची खटपट नायक करतो, त्याच शब्दापायी नायकास शाळेबाहेर काढण्यात आले.

मास्तरकीत जन्म गेल्यामुळे आमचे मन मात्र भांडणाच्या या मुद्द्यांत न रमता दुसऱ्या प्रकरणातच अडकून राहिले. इतिहासाचे वृद्ध शिक्षक स्पेन्सर फ्लूने आजारी आहेत. अंगात जुना झगा, खोलीत औषधाचा वास. शाळा सोडण्यापूर्वी मुलगा त्यांना भेटावयास येतो. कोणी सक्ती केलेली नाही; गुरुजींनी चिठ्ठी पाठविली म्हणून तो आला आहे. आणि गुरुजी काय करतात, तर त्याची उत्तरपत्रिका काढून त्याच्याच तोंडावर मोठ्याने वाचतात. इजिप्तच्या लोकांविषयी काही ओळी कशाबशा खरडलेल्या, आणि खाली गुरुजींस उद्देशून एक टीप. टिपेचा आशय असा की, आपण मला नापास केलेत तरी चालेल, आपण वाईट वाटून घेऊ नये.

सदतीस वर्षांत उत्तरपत्रिकांच्या तळाशी असल्या टिपा आम्ही शेकड्यांनी पाहिल्या. कोणी लिहितो, घरची गरिबी आहे, पास करावे. कोणी लिहिते, नापास झाले तर शिक्षण बंद होईल. एकाने तर दहाची नोट टाचून ठेवली होती. तो आता चांगला वकील आहे. परंतु परीक्षकाचे मन दुखावू नये म्हणून लिहिलेली टीप आमच्या पाहण्यात कधी आली नाही. स्पेन्सर ती टीप पुरावा म्हणून वाचतात. त्यांना वाटते, पोर बेफिकीर आहे. आमच्या मते ती साऱ्या उत्तरपत्रिकेतली एकच विचारपूर्वक लिहिलेली ओळ होती, आणि गुण द्यावयाचेच तर तीसच द्यावे लागले असते.

ही खूण एकदा दिसली म्हणजे पुढे ती जागोजाग दिसू लागते. खोलीतल्या सोबत्याच्या बॅगा स्वस्तातल्या, म्हणून त्यास हिणवल्यासारखे होऊ नये यासाठी हा स्वतःच्या उंची बॅगा पलंगाखाली सारतो. न्याहारीच्या वेळी दोन जोगिणी भेटतात. त्यांना तो दहा डॉलर देतो आणि मागाहून कमी दिले म्हणून हळहळतो. बहिणीसाठी घेतलेली गाण्याची तबकडी फुटते, तर तिचे तुकडे खिशात घालून नेऊन देतो, आणि बहीणही अशी की, ते तुकडे मागून घेऊन जपून ठेवते. तो जगाची घृणा करतो असे ज्यांना वाटते, त्यांनी त्याचे बोलणे ऐकले आहे, करणे पाहिलेले नाही. नातीचा त्याच्यावरचा लोभही आम्हास थोडा अपुराच वाटतो. तो खरे बोलतो म्हणून तिला आवडतो, पण खोटे तर तो पावलोपावली बोलतो, आणि तसे स्वतःच कबूल करतो. आगगाडीत एका सोबत्याच्या आईस तो तिच्या अत्यंत वांड मुलाची खोटी स्तुती ऐकवतो, ती केवळ त्या माऊलीचा चेहरा खुलावा म्हणून.

मराठी वाचकास ही हुज्जत ओळखीची वाटेल. १९६३ साली श्री. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' प्रसिद्ध झाली, तेव्हापासून तिच्याविषयीही असेच दोन तट पडलेले आहेत, आणि या दोन पुस्तकांची तुलना समीक्षकांनी अनेकवार केली आहे. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्यास शिकावयास येतो आणि नापास होऊन गावी परततो. वाचकांस त्याच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे' या लकबी तेवढ्या पाठ असतात. टवाळी करणारेही त्याच घेऊन करतात. परंतु त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने जाते, तो भाग किती जणांच्या ध्यानात राहतो? तीच गत इकडे. होल्डनचा 'फोनी' शब्द सर्वांस ठाऊक, आणि त्याचा भाऊ ॲली गेला हे बोलता बोलता सांगावे लागते.

हा ॲली होल्डनहून दोन वर्षांनी धाकटा. १८ जुलै १९४६ या दिवशी तो रक्ताच्या कर्करोगाने गेला. होल्डन तेव्हा तेरा वर्षांचा. ॲली डावखुरा होता, आणि चेंडू झेलण्याच्या आपल्या चामडी हातमोज्यावर त्याने हिरव्या शाईने कविता लिहून ठेवल्या होत्या, मैदानात रिकामे उभे राहावे लागले म्हणजे वाचावयास. तो गेला त्या रात्री होल्डन मोटार ठेवण्याच्या खोलीत झोपला, आणि तिच्या साऱ्या खिडक्यांची तावदाने त्याने मुठीने फोडली. त्याचा तो हात अजून पुरता मिटत नाही. हे सारे तो सांगतो ते मित्राचा निबंध लिहून देण्याच्या निमित्ताने, दोन पानांत, आणि लगेच दुसऱ्या विषयावर जातो. कर्ता स्वतः दुसऱ्या महायुद्धात शिपाई होता. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या सैन्यात तो होता, आणि युद्ध संपताच काही काळ मनाच्या उपचारासाठी रुग्णालयात राहिला. त्या युद्धाविषयी त्याने या पुस्तकात जवळजवळ अक्षरही लिहिलेले नाही. एका मुलाचा एक भाऊ गेला, एवढेच लिहिले आहे.

वहिनींस इंग्रजी येत नाही. नातीने त्यांना ही गोष्ट आठ-दहा दुपारी मराठीत सांगितली. वहिनी मोड आलेले वाल सोलीत बसत आणि मधूनमधून हूं म्हणत. पोराचे सिगारेटी ओढणे, दारू मागणे हे सारे त्यांनी न रागावता ऐकून घेतले. हातमोज्याची गोष्ट आली तेव्हा त्यांचे हात थांबले. पुढे एका जागी होल्डन म्हणतो की, भावाच्या अंत्यविधीस मी नव्हतो, हाताला लागले म्हणून रुग्णालयात होतो. त्यावर वहिनी म्हणाल्या, "म्हणजे भावाला पोचवायला याला कोणी नेलेच नाही?" आणि थोड्या वेळाने: "आदल्या रात्री त्या मोटारीच्या खोलीत त्याच्यापाशी कोण होते गं?" नातीने पुस्तक उघडून ते पान पुन्हा वाचले. "कोणी नव्हते, आजी."

येथे वाचकांस घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. १९८४ सालच्या श्रावणात वहिनींचा धाकटा मुलगा मेंदूज्वराने चार दिवसांत गेला. तो नऊ वर्षांचा होता, आणि थोरला, म्हणजे आमचा हा पुतण्या, तेराचा. त्या काळच्या रीतीप्रमाणे थोरल्यास त्याच पहाटे गावातल्या दुसऱ्या पेठेत आप्तांकडे पाठविण्यात आले, आणि तेरावा उरकल्यावर परत आणले. मुलांच्या दृष्टीस असले काही पडू नये, अशी तेव्हा सर्वांचीच समजूत होती. तो परत आला तेव्हा धाकट्याचे दप्तर, कपडे, गोट्यांची पिशवी, सारे घरातून गेलेले होते. त्याने काही विचारले नाही. त्या वर्षी सहामाहीत तो तीन विषयांत नापास झाला. वार्षिक परीक्षेत पुन्हा वर्गात पहिला आला, आणि मग त्याची काळजी कोणास उरली नाही.

त्या दिवशी वहिनी परात तशीच ठेवून उठल्या. संध्याकाळी पुतण्या कारखान्यातून येऊन झोपाळ्यावर टेकला, तेव्हा त्यांनी चहा पुढे करीत विचारले, "तेव्हा तिकडे तू कुठे झोपायचास रे?" चाळीस वर्षांनी विचारलेला प्रश्न, परंतु 'तेव्हा' म्हणजे केव्हा हे त्यास विचारावे लागले नाही. "माळ्यावर," तो म्हणाला. "खाली पाहुणे असायचे. माळ्यावर एकटाच." आणि चहा तसाच ठेवून पायांवर पाणी घ्यावयास मागीलदारी गेला. थोबाडीत देण्याची भाषा त्यानंतर त्याच्या तोंडून ऐकू आली नाही. चार दिवसांनी पुस्तक मेजावरून नाहीसे झाले, आणि ते कोणी नेले हे कोणी विचारले नाही.

आमच्या अलंकारशास्त्राने चांगल्या वाचकास सहृदय म्हटले आहे. कवीच्या हृदयाशी ज्याचे हृदय बोलू शकते तो सहृदय. परंतु वाचक पुस्तकावर चिडतो तो प्रत्येक वेळी त्याचे हृदय बोलेनासे झाले म्हणूनच चिडतो, असे आता आमच्याने म्हणवत नाही. एकोणिसाव्या वर्षी उशाशी घेतलेले पुस्तक चौपन्नाव्या वर्षी जो अर्ध्यावर मिटतो, त्याने ते कोणत्या पानावर मिटले हे पाहावयास हवे. आम्ही पाहिले. खुणेची दोरी हातमोज्याच्या पानात होती.

राहता राहिला नातू. होल्डन कोणाचे ऐकून घेत नाही, हा त्याचा आक्षेप. आणि तो खोटा नाही. एके रात्री वीज गेली असता आम्ही त्यास कठोपनिषदातली नचिकेत्याची गोष्ट सांगितली. महाभारतात ती निराळ्या तऱ्हेने येते, ती बाजूस ठेवली. होल्डनच्या पुष्कळ आधी मोठ्यांचा बेगडीपणा ज्यास दिसला असा हा मुलगा. बाप सर्वस्वाचे दान करावयास निघाला, आणि देतो कोणत्या गाई, तर म्हाताऱ्या, भाकड, ज्यांचा कोणास उपयोग नाही अशा. पोराने विचारले, "बाबा, मला कोणाला देणार?" एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, तेव्हा बाप संतापून म्हणाला, तुला मृत्यूला देतो. पोर खरोखरच गेले. यम घरी नव्हता. तीन रात्री ते त्याच्या दाराशी उपाशी बसले. यम परतला तो रागावला नाही. त्याने त्या मुलास नमस्कार केला, अतिथी आपल्या दारी उपाशी राहिला याबद्दल वाईट वाटून घेतले, आणि तीन रात्रींचे तीन वर दिले.

शाळेत सारा भर तिसऱ्या वरावर असतो. मेल्यावर माणसाचे काय होते, हा तो मोठा प्रश्न. पहिला वर दोन ओळींत उरकतात. तो असा आहे की, माझ्या बापाचा राग जावो, त्याचे मन शांत होवो, आणि मी परत गेलो म्हणजे त्याने मला ओळखावे. यमलोकी पोहोचलेल्या मुलाने प्रथम मागितले ते हे. न्यूयॉर्कच्या पोरास असा यजमान मिळाला नाही. स्पेन्सरांनी उत्तरपत्रिका वाचली. दुसरे शिक्षक अँटोलिनी. त्यांनी अपरात्री दार उघडले, झोपावयास जागा दिली, उपदेशही केला, आणि पुस्तकातला सर्वांत शहाणा उपदेश तोच आहे. परंतु मुलास झोप अनावर झाली होती. आणि मध्यरात्री डोक्यावर फिरणाऱ्या त्यांच्या हाताने दचकून जागा झाला तो तेथूनही पळाला. त्या हाताचा अर्थ कर्त्याने उलगडलेला नाही, आणि त्यावर वाचकांचे आणखी एक भांडण आहे, ते आम्ही येथे काढीत नाही. बाप तर साऱ्या पुस्तकात एकदाही समोर येत नाही. आई येते ती रात्री, फीबीच्या खोलीत, आणि तेव्हा हा कपाटात लपलेला असतो.

नातवाने सारे ऐकून घेतले. मग विचारले, "आजोबा, तो घरी गेल्यावर त्याच्या बाबांनी ओळखले का त्याला?"

यमाने तसे वचन दिले, आम्ही सांगितले; परंतु मुलगा घरी पोहोचल्याचे उपनिषदात कोठे नाही.

"होल्डन पण तेवढेच सांगत नाही," तो म्हणाला. "घरी गेलो, मग आजारी पडलो, त्याविषयी बोलायचे नाही मला, असेच काहीतरी आहे शेवटी." आणि ते शेवटचे पान पाहावे म्हणून तो उठून काकाच्या खोलीकडे गेला. वीज तेवढ्यात आली होती. दार लोटलेले आणि आत दिवा लागलेला दिसला, तेव्हा हाक न मारताच तो परत आला.